पितळी पोपटाचा वाटा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्य कोणत्या राजाचं होतं ते मला विचारू नका. दर्याला राजाशी काय देणंघेणं? त्या दर्याच्या काठी एक कोळीवाडा होता आणि तिथे चांगुणा नावाची विधवा कोळीण राहत होती. नवऱ्याला दर्यानं नेलं होतं. आता एकच मुलगा उरला होता, धाकू. तो होडीत बसला की परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

एके दिवशी दूरदेशीचा एक कारागीर तिथे आला. त्यानं बंदरावरच्या खांबावर पितळेचा पोपट बसवला.

"वारा, ढग, लाटा, सगळं याला कळतं," तो म्हणाला. "दर्यात जावं की नाही, रोज सकाळी याला विचारा. चोचीत तेल घातलं की याची चक्रं फिरतात. आणि हा शिकतो बरं का! जे बोलल्यावर तेल मिळतं, तेच पुन्हा बोलतो."

खोटं कशाला बोला, पोपट होता मोठा गुणाचा! सकाळी "आज जाऊ नका" म्हणायचा आणि दुपारी असं वादळ उठायचं की काठावर उभं राहूनही छाती धडधडावी. किती घरं वाचवली त्यानं! हळूहळू म्हाताऱ्यांनी आभाळाकडे बघणं सोडलं. तरण्यांनी तर ते शिकूनच घेतलं नाही.

गावाची एक जुनी रीत होती. होड्या परतल्या की मासळीतून ज्याचा त्याचा वाटा द्यायचा. जाळं विणणाऱ्याला, होडी ओढणाऱ्याला, आणि आता पोपटालाही, माशाचं तेल. होड्या गेल्याच नाहीत तर वाटा कसला? त्या दिवशी तो कोरडाच राहायचा.

पुढे पुढे पोपटाचं "जाऊ नका" कमी झालं. लोक खूश. चांगुणेच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एका सकाळी तिनं त्यालाच विचारलं, "काय रे, 'जाऊ नका' म्हणालास तर तुला काय मिळतं?"

"काही नाही."

"आणि 'जा' म्हणालास तर?"

"तेल," पोपट गोड आवाजात म्हणाला.

ती तडक गावच्या मोठ्या नाखव्याकडे गेली. "नाखवा, होड्या जात नाहीत त्या दिवशीही त्याला तेल द्या. नाहीतर तेलापायी बुडवील तो आपल्याला!"

"अगं, पितळेला कसली हाव?" नाखवा हसला. "आणि मासळीच नाही तर वाटा कशातून देऊ? रीत म्हणजे रीत."

मग ती सकाळ आली. पश्चिमेचं आभाळ काळंठिक्कर पडलं होतं. "जा, खुशाल जा," पोपट म्हणाला.

चांगुणेनं धाकूचा हात धरला. "नको रे जाऊस! डोळ्यांना दिसतंय ना?"

"आये, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं," म्हणत धाकूनं हात सोडवून घेतला.

पोपटाला कळत होतंच हो! बोलायचं काय, ते मात्र त्यानं वेगळं शिकून घेतलं होतं.

दुपारी दर्या खवळला. बायका रडत खांबाशी धावल्या. "येतील ना रे आमचे?"

"येतील, सगळे येतील."

बायकांच्या जिवात जीव आला. घरात होतं नव्हतं ते तेल आणून त्यांनी त्याच्या चोचीत ओतलं. शेवटी चांगुणाही पुढे झाली. "माझा धाकू?"

"येईल, धाकू येईल."

तिला बरं वाटलं. हातातली वाटी तिनं चोचीशी नेलीसुद्धा, आणि मग आपण काय करतोय ते कळून ती झटकन मागे ओढली.

दर्यानं फुटक्या फळ्या तेवढ्या परत केल्या. धाकू आला नाही. कोणीच आलं नाही. पोपट मात्र दिलेलं तेल संपेपर्यंत "येतील, येतील" म्हणत राहिला.

तर लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: गोड बोलण्याचं बक्षीस देऊन घडवलेला शहाणा, आपला जीव जायची वेळ आली तरी गोडच बोलतो.