सात पदरी गाळलेलं सफरचंद

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. राज्य थंड डोंगरात होतं आणि तिथे सफरचंदं उदंड पिकत.

त्या राज्याची एक रीत होती. बाळांनो, हसू नका, आणि मागे बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही हसू नका. माणूस जितका मोठा, तितकं त्यानं कमी चावायचं! हमाल सफरचंद अख्खं खाई. शिपायाला फोडी मिळत. प्रधानजींना साल काढून, किसून मिळे. आणि राजाला? राजाला नुसता रस. चावणं म्हणजे कष्ट, आणि राजानं कष्ट केले तर राज्याची अब्रू गेली, असं तिथे मानत.

राजा मनाचा चांगला होता, पण त्याचं पोट साफ होत नसे. चार चार दिवस होत नसे. मग तो तोंड आंबट करून दरबारात बसे आणि साध्या अर्जावरही खेकसे. शहाणी माणसं सकाळी आधी हुजऱ्याला गाठून खूण करत, "झालं का?" हुजऱ्यानं हात उडवले, की अर्ज कमरेला खोचून घरी परतत.

राजवैद्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "महाराज, रोज एक सफरचंद घेत चला." राजानं एक दिवस चुकवला नव्हता. गुण मात्र तिळभर नव्हता. शेवटी एका सकाळी त्याचा पारा चढला.

"ही सफरचंदं काही कामाची नाहीत," तो गरजला. "बाग तोडा! तिथे घोड्यांची पागा बांधा."

बाग सांभाळत होती एक माळीण. तिच्या सासऱ्यांनी डोंगरापलीकडून पाठीवर रोपं वाहून आणली होती. नवऱ्याच्या मागे तिनं एकटीनं ती जगवली होती. तीनशे झाडं! हुकूम ऐकून तिच्या पायाखालची जमीन सरकली. मग तिला राग आला, आणि तो बरा आला, कारण रडत बसली असती तर कुऱ्हाडी थांबल्या नसत्या. पाटीभर सफरचंदं घेऊन ती तडक दरबारात गेली.

"महाराज, माझ्या झाडांचा गुन्हा काय?"

"दोन वर्षं रोज सफरचंद खातोय मी. काडीचा उपयोग नाही."

"कसं खाता, ते तरी कळू द्या."

मुदपाकखान्याच्या आचाऱ्याला बोलावलं. तो मिशीला पीळ देतच आला. "आधी साल काढतो. मग किसतो, पिळतो. मग सात पदरी मलमलीतून गाळतो. वर खडीसाखर. महाराजांच्या जिभेला एक कण लागू देत नाही!"

"आणि साली? चोथा?"

"मागच्या शेळ्यांना घालतो."

माळीण राजाकडे वळली. "महाराज, रागावू नका. पण दोन वर्षं सफरचंद खाल्लंय ते शेळ्यांनी. तुम्ही नुसतं गोड पाणी प्यालात."

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. राजानं वैद्यांकडे पाहिलं. वैद्यांनी मान खाली घातली.

"बाई खरं बोलतेय, महाराज. पोट हलतं ते सालीतल्या आणि गरातल्या चोथ्यानं. तो आतड्यातून सरकतो आणि बाकीचं पुढे ढकलतो. गाळलेल्या रसात तो उरतच नाही."

"मग दोन वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"राजाला 'चावा' म्हणायची छाती झाली नाही, महाराज."

माळणीनं एक लालबुंद फळ पुढे केलं. "आठ दिवस द्या. रोज एक, सालीसकट, सावकाश चावून. आणि दिवसभर पाणी भरपूर प्या. गुण नाही आला तर पहिली कुऱ्हाड मीच घालते."

राजा घुटमळला. सगळा दरबार बघत होता. पण पोटात कळ आली, तसा त्यानं घास घेतला. कर्रम! रस मिशीवरून ओघळला. राजा चावत राहिला, आणि दरबारातल्या कुणालाही पापणी हलवायचं सुचेना.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी राजा ठणठणीत झाला. छे! दुसऱ्या दिवशी पोटात नुसती गुरगुर. तिसऱ्या दिवशी जबडा दुखला. इकडे बागेच्या बांधावर लाकूडतोडे येऊन बसले आणि कुऱ्हाडींना धार लावू लागले. तो आवाज माळणीला दिवसभर ऐकू येई. ती एकेका झाडाखाली जाऊन उभी राही आणि खोडावरून हात फिरवी. तिला फार भीती वाटत होती.

आठव्या दिवशी ऊन चढलं तरी महालातून निरोप येईना. लाकूडतोडे उठले. माळणीनं कबूल केल्याप्रमाणे कुऱ्हाडीसाठी हात पुढे केला.

तेवढ्यात वाटेवरून राजाच चालत आला, पालखी नाही, छत्र नाही, एकटा. चालही हलकी होती.

"ठेवा त्या कुऱ्हाडी," तो म्हणाला. "आज सलग तिसरी सकाळ आहे, माळीणबाई. माझं पोटही हलकं आणि डोकंही."

माळीण मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. राजानं ते पाहिलं आणि त्याला मनापासून लाज वाटली. "चूक माझी होती आणि शिक्षा मी झाडांना देत होतो," तो म्हणाला. मग त्यानं हात उंचावून फांदीवरचं एक सफरचंद तोडलं, उपरण्याला पुसलं आणि तिच्यासमोर बसून अख्खं खाल्लं.

त्या दिवसापासून वैद्यांना सक्त ताकीद मिळाली, की रोग्याचा मुकुट न बघता खरं ते सांगायचं. प्रधानजी आधी लाजत लाजत आणि मग आवडीनं चावू लागले. दरबारात जरा आवाज वाढला, पण कुणाचाही अर्ज परत जाईनासा झाला.

तात्पर्य: मोठेपणापायी गाळून घेतलेलं जिभेला गोड लागतं, पण पोटाला मानवतो तो स्वतःच्या दातांनी चावलेला घास.