ऐच्छिक ट्यूटोरियल आणि गरम भजी

भौतिकशास्त्राच्या डॉ. घैसास सरांना अख्खं कॉलेज टरकून असायचं. त्यांचं बुधवारचं ट्यूटोरियल ऐच्छिक असल्यामुळे वर्गातली सगळी पोरं त्या वेळी कॅन्टीनमध्ये भजी खायला पळायची. ट्यूटोरियलला जायची ती एकटी शाल्मली ढवळे, परीक्षेच्या धास्तीने. आणि न आलेल्यांचा सगळा राग सर तिच्यावरच काढायचे! त्या नादात तिचं लंबकाचं गणित महिनाभर लटकलेलंच होतं. जावं की सरळ भजी खावीत, असं तिला आता वाटू लागलं होतं.

त्या बुधवारीही सर गरजले, "ट्यूटोरियलला का यायचं, हे तुम्हाला कळतं का?"

"मला कळतं सर, म्हणून तर आलेय," शाल्मली म्हणाली. "ज्यांना कळत नाही ते कॅन्टीनमध्ये आहेत. त्यांना रागवायला तिकडेच जाऊ या. वाटेत माझं गणित होईल."

सर खडू खिशात टाकून निघाले. गणित जिन्यातच सुटलं. सरांना दारात बघताच पोरं भरल्या प्लेटा सोडून मागच्या दाराने पसार झाली.

सर तिच्यावरच डाफरले, "बघ, पळाले सगळे!"

शाल्मलीने गरम भजं उचललं. "न आलेल्यांच्या वाटचं आलेल्यांनीच खायचं ना, सर? बसा."