मल्हारीनं दुर्बीण बरी केली

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आणि सगळ्याला सुरुवात झाली.

बोरजाईवाडी नावाच्या एका गावात एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव मल्हारी. शाळेत घंटा वाजवायचा, मैदान झाडायचा, पाणी भरायचा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही आणि एकदा शिकवलेलं कधी विसरला नाही. दुखणं ते तिथंच होतं.

त्याची बायको शेवंता शाळेत खिचडी शिजवायची. कडेवर तान्ही पोर, आणि जिवाला कायम घोर. कारण मल्हारी शाळेत तात्पुरता होता. आज तालुक्याचे साहेब येणार होते. शाळेला नवी दुर्बीण मिळाली होती, तिच्यातून सगळ्या गावाला शनीचं कडं दाखवायचं होतं. कार्यक्रम नीट झाला तर साहेब मल्हारीला कायम करणार होते. फसला तर घरी बसवणार होते. शेवंतानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"अवं, आज सवतःचं डोकं चालवू नका," ती त्याला म्हणाली. "बाई सांगतील तेवढंच करा."

झालं. हे तिनंच सांगितलं.

बाई म्हणजे विज्ञानाच्या शेंडगे बाई. दुर्बीण त्यांच्याच ताब्यात होती. लॅपटॉपवर नाव दाबलं की दुर्बिणीखालची बैठक घर्र करत आपोआप वळायची. लॅपटॉपपासून बैठकीपर्यंत एक वायर होती आणि बैठकीवर एक हिरवा दिवा. दिवा लागला म्हणजे कनेक्शन आहे, विझला म्हणजे गेलं. बाईंनी 'चंद्र' दाबलं. बैठक निम्मी वळली आणि थांबली. दिवा विझला. बाईंनी वायर आत रेटली, दिवा लागला. हात काढला, विझला.

"वायर सैल आहे," बाई म्हणाल्या. "मल्हारी, घट्ट बांध बरं. मी साहेबांना फोन करून येते."

मल्हारीनं सुतळी आणली. वायर बैठकीला बांधली, लॅपटॉपला बांधली, उरलेली सुतळी टेबलाला गुंडाळली. उसाची मोळी बांधतात तशी बांधली. दिवा लागला. बैठक वळायला लागली. तिच्याबरोबर टेबल चालायला लागलं. टेबलावरून लॅपटॉप निघाला. एका हातात पोर असताना शेवंतानं तो पदरात झेलला म्हणून वाचला.

बाई धावत आल्या. "अरे मल्हारी! फिरणाऱ्या वस्तूला सैल सोडावं! ताण पडता कामा नये!"

"व्हय बाई. फिरणाऱ्याला सैल."

मैदानाच्या कडेला लिंबाखाली सरपंच आबांचं बोकड बांधलेलं असायचं. ते खुंट्याभोवती फिरत होतं आणि दावं ताणत होतं. मल्हारीनं दावं सैल केलं. अजून ताण पडला, अजून सैल केलं. शेवटी दावं संपलं. बोकड निघालं ते थेट स्टेजवर गेलं आणि साहेबांचा झेंडूचा हार खाऊन मोकळं झालं.

"दावं का सोडलंस?" बाई ओरडल्या.

"फिरत हुतं बाई."

बाईंना पुढं बोलायला वेळ नव्हता. दिवा परत विझला होता. त्यांनी बैठकीचं बटण बंद केलं, थोडं थांबल्या, परत चालू केलं. दिवा लागला.

"हार गेला खड्ड्यात. हे बघ. मध्येच अडकलं की बंद करायचं, जरा थांबायचं, परत चालू करायचं. कळलं?"

"व्हय बाई. अडकलं की बंद, मग चालू."

तेवढ्यात साहेबांची जीप आली. लोक जमले. आबा भाषणाला उभे राहिले. आबांची एक सवय होती, बोलता बोलता अडकायचे.

"सन्माननीय साहेब, आणि जमलेल्या माझ्या... माझ्या..."

मल्हारी स्टेजवर चढला. आबांचे खांदे धरून त्यांना खुर्चीत बसवलं. जरा थांबला. मग काखेत हात घालून परत उभं केलं.

आबा पहिल्यापासून सुरू झाले. "सन्माननीय साहेब, आणि जमलेल्या माझ्या..."

मल्हारीनं परत बसवलं.

माणसं हसून हसून वाकली. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. आबांचं तोंड पिकल्या मिरचीसारखं झालं. शेवंताला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिनं नवऱ्याला आत घ्यावं. मग वाटलं, नको, तिथंही कुणाला तरी बसवील.

बाईंनी त्याला खाली ओढलं. दातओठ खात म्हणाल्या, "चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही! आपोआप थांबेपर्यंत हाताची घडी घालून उभं राहायचं!"

"व्हय बाई. चालू असलं की हात न्हाई."

"आता चुलीपाशी जा. तिथं तरी काही बिघडणार नाही."

शेवंतानं साहेबांच्या चहाचं दूध चुलीवर ठेवलं होतं. ती कप विसळायला गेली. परत आली तर दूध उतू चाललेलं, चूल विझत आलेली, आणि मल्हारी हाताची घडी घालून समोर उभा.

"अवं, पातेलं उतरवा की!"

"चालू हाय अजून," मल्हारी म्हणाला. "थांबंल आपोआप."

थांबलं. सगळं बाहेर आल्यावर थांबलं. साहेबांना कोरा चहा मिळाला.

"रडू का हसू?" शेवंता म्हणाली.

"बाईंना इचारून येतो," मल्हारी म्हणाला.

अंधार पडला. शनी वर आला. दुर्बिणीपुढं रांग लागली, पहिले साहेब. साहेबांनी डोळा लावला की दिवा विझायचा. डोळा काढला की लागायचा. बाईंना घाम फुटला.

"मी घरून दुसरी वायर आणते," त्या म्हणाल्या. "मल्हारी, नीट ऐक. बिघाड कशात आहे कळत नाही, तेव्हा एकेक गोष्ट बाजूला काढून बघायची. जी काढल्यावर बिघाड थांबतो, दोष तिच्यातच. थांबेपर्यंत काढत राहायचं. काही म्हणजे काही सोडायचं नाही."

"व्हय बाई. एकेक काढायचं."

बाई गेल्या. मल्हारीनं आधी भोंगा काढला. दिवा लागून विझला. मग खुर्च्या काढल्या. सतरंजी काढली. विझतच होता. मग मैदानात काढण्यासारखं काय उरलं, म्हणून त्यानं बघितलं. माणसं उरली होती.

"वत्सलाकाकी, तुमी घरी जावा."

"का रं बाबा? म्या काय केलं?"

"काय न्हाई केलं. काढून बघतोय."

वत्सलाकाकी गेल्या. विझला. त्यांच्यामागं त्यांच्या सुना गेल्या. विझला. तालमीतली पोरं गेली, भजनी मंडळ गेलं. आबांना सांगायची पाळीच आली नाही, ते बोकड घेऊन कधीच गेले होते. रांग जसजशी आटत गेली तसा दिवा जास्त वेळ टिकायला लागला. शेवंताला दिसत होतं ना! रांगेतल्या माणसांचे पाय वायरीवर पडत होते.

"अवं, वायरीवर पाय देत्यात माणसं! नुसती वायर उचला!"

"बाईंनी उचला न्हाई सांगितलं. काढा सांगितलं."

आता साहेब एकटेच उरले. बूट बरोबर वायरीवर.

"साहेब, तुमी पण."

"मी? अरे, मी पाहुणा आहे!"

"व्हय साहेब. पण काही सोडायचं न्हाई म्हणाल्यात बाई."

शेवंता पोरीला घेऊन मध्ये आली. "साहेब, रागावू नका. भोळा हाय माणूस. त्याचं कायमचं तेवढं..."

साहेब जीपमध्ये बसले. म्हणाले, "मल्हारी, उद्यापासून तुला बाजूला काढून बघतो. शाळा चालते का पाहू."

मल्हारीला फार आनंद झाला. "बघ," तो शेवंताला म्हणाला, "साहेबांना पण पद्धत पटली."

जीप गेली आणि दिवा लागला. लागला तो लागलाच. बैठक शनीमागं अशी हळूहळू सरकत होती, जणू तेलात भिजवलीय. मल्हारीनं समाधानानं बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं, अजून तिघं राहिली.

त्यानं शेवंताला काढलं, पोरीला काढलं, शेवटी स्वतःला काढलं आणि फाटक लावून घेतलं.

वाटेत बाई भेटल्या. हातात नवी वायर, धापा टाकत.

"साहेब कुठायत? गाव कुठाय?"

"वायर नको बाई. बिघाड सापडला."

"सापडला? कशात होता?"

"माणसांत. सगळी काढली. आता यंत्र झकास चाललंय, शनीवर रोखलंय, दिवा हलत न्हाई."

बाई फाटकाकडं पळायला निघाल्या. मल्हारीनं त्यांचा रस्ता अडवला.

"तुमी पण माघारी फिरा बाई. आन् वाटंत कोण भेटलं तर एवढा निरोप द्या. म्हणावं, दुर्बीण एकदम बरी झालीय. आता तिच्यातून बघायला कुणी जाऊ नका."