साहेबांचा थर्मास

अतिथंड इंधनाच्या टाक्या तपासायला धामणस्करसाहेब आले, ते नेहमीसारखे घरचा चहा थर्मासमध्ये घेऊनच. कारखान्याचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

टाक्या बनवणाऱ्या कुंदाताईंनी चाचणीसाठी दोन टाक्यांत द्रव नायट्रोजन भरला होता. साहेबांनी पहिलीला हात लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आत उणे दोनशेचा द्रव, आणि टाकी गारसुद्धा लागत नाही? ती दुसरी बघा, बर्फानं कशी पांढरी झालीय! ती पास, ही नापास.”

“साहेब, त्या दुसरीच्या दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरलीय. म्हणून थंडी बाहेर येतेय.”

“वीस वर्षं टाक्या तपासतोय मी. मला शिकवू नका!” साहेबांनी खडू उचलला. कुंदाताईंची चार महिन्यांची मेहनत भंगारात निघणार होती.

त्या वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा थर्मास उचलून त्यावरून हात फिरवला. “अरेरे, हा तर गार लागतोय. चहा पार निवला असणार. ओतून देते मोरीत.”

“अहो, थांबा! उकळता भरलाय, अजून जीभ पोळेल!”

“मग माझ्या टाकीनंच तुमचं काय घोडं मारलंय, साहेब?”

साहेब पांढऱ्या टाकीवर ‘नापास’ लिहायला वळले. पण बर्फावर खडू उमटेना.