निनादने मोजलेल्या गाठी

"पण सर, गाठींमध्ये पोकळ्या आहेत. मग क्षय नाही, असं कशावरून म्हणता?"

डॉक्टर इंगवले पडद्याकडे पाहत होते. क्ष-किरण विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. प्रश्न विचारणारा निनाद खोपकर त्यांच्या हाताखाली शिकत होता. विद्यापीठात पहिला आलेला. स्वतःच्या नजरेवर त्याचा भारी भरवसा.

पडद्यावर एका बाईच्या छातीचा सीटी स्कॅन होता. दोन्ही फुप्फुसांत मिळून अकरा गाठी. त्यातल्या तीन आतून पोकळ, जाड भिंतींच्या. निनादने प्रत्येकीचं माप घेतलं होतं. रिपोर्टही लिहून तयार होता : औषधांना दाद न देणारा क्षय.

"थुंकीत जंतू सापडले?"

"नाही सर. तिन्ही वेळा नाही."

"औषधं किती दिवस चालू आहेत?"

"पाच महिने. गाठी वाढल्याच आहेत. म्हणून तर आणखी कडक औषधं…"

सरांनी हात पुढे करून पडदा बंद केला.

"आता सांग."

काळ्या काचेत निनादला स्वतःचाच चेहरा दिसला.

"काय सांगू, सर?"

"बाई कशी आहे?"

"तिला मी पाहिलेलं नाही, सर."

"बाहेर बाकावर बसली आहे. मी येताना पाहिलं तिला."

निनाद जरा घुश्शातच बाहेर गेला. बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. अक्काताई शेवाळे. वाकळा शिवायचं काम करायची. चष्म्याला मागून दोरा बांधलेला.

"दोरा कशाला बांधलाय, अक्का?"

"ऱ्हातच न्हाई बघा नाकावर. नाकच बसलंय माजं, दिवाळीपास्नं. रगतबी येतंय अधनंमधनं. दवाखान्यात सांगितलं, तर म्हनले, चष्मा बदला."

निनादने तिच्या नाकाकडे पाहिलं. मधोमध खळगा पडला होता, खोगिरासारखा.

त्याचा आवाज खाली आला. "लघवीचा रंग कसा असतो?"

"च्यासारका. तुमाला कसं कळलं?"

तो आत आला. न बसता त्याने रिपोर्ट खोडला. रक्त आणि लघवी तपासायला पाठवायचं लिहिलं, आणि तिला दाखल करून घ्यायला वॉर्डात स्वतः फोन केला.

चौथ्या दिवशी नक्की झालं. क्षय नव्हता. रक्तवाहिन्यांनाच सूज आणणारा दुर्मीळ आजार होता. नाक, फुप्फुसं धरून आता तो मूत्रपिंडांत उतरला होता. आणखी महिनाभर गेला असता तर ती हातची गेली असती. क्षयाची औषधं बंद झाली, योग्य उपचार सुरू झाले. दोन महिन्यांनी गाठी विरघळू लागल्या, लघवी निवळली. नाक मात्र बसलं ते बसलंच.

नवा स्कॅन बघताना निनादने शेवटी विचारलं, "सर, त्या दिवशीच्या फोटोत तुम्हाला असं काय दिसलं, जे मला दिसलं नाही?"

सर चष्मा पुसत होते.

"फोटो तू माझ्याहून चांगला वाचतोस."