शिवामुठीचं मत

लग्नानंतर पाच वर्षं मी शिवामुठीचं व्रत केलं. श्रावणातल्या दर सोमवारी महादेवाला मूठभर धान्य वाहायचं.

पुढे आमच्या गावच्या बॉक्सिंग क्लबानं आजवरचे सर्वांत लाडके बॉक्सर निवडायचं ठरवलं. यादीत गावची लेक शेवंता यावी, म्हणून आम्ही बायका मत द्यायला गेलो. अध्यक्ष बापूसाहेब दारातच हसले, "वहिनी, ज्याची मूठ चालली त्यालाच मताचा हक्क, असा नियम आहे!"

"माझी पाच श्रावण चालली, बापूसाहेब, थेट महादेवापुढं. तुमची कुठं चालली?"

बापूसाहेबांनी जन्मात ग्लोव्ह घातला नव्हता. सगळा क्लब खो खो हसला. नियम त्यांचाच आणि शिवामूठ आम्ही साऱ्याजणींनी वाहिलेली, म्हणून आम्ही मतं दिली आणि ते बाहेर बसले. शेवंता पहिली आली!

बायांनो, देवापुढं उघडता ती मूठ लेकीसाठी तुम्हीही उचला हो.