स्वल्पविरामाची जागा

खाडीकाठच्या मिठबंदर गावात तिरोडकर नावाचे संपादक एक सायंदैनिक चालवत. घरोघरी फोन नव्हते तेव्हाची ही गोष्ट. आसपासच्या वाड्यांना बातमी कळे ती याच पेपरातून. पेपरात आले म्हणजे खरे, असे लोक मानत.

तिरोडकर खरी बातमी आणत, पण लिहिताना फार घाई करत. वाक्य कुठे संपते, कोण कोणाला म्हणाले, याची त्यांना फिकीर नसे. प्रुफे तपासायला इंदूताई चेंदवणकर या निवृत्त शिक्षिका होत्या. त्या रोज लाल शाईने खुणा करत. तिरोडकर हसून म्हणत, "ताई, लोक बातमी वाचतात, टिकल्या मोजत नाहीत."

एका सकाळी वादळी वाऱ्याने केळवली गावची होडी उलटली. होडीवाला काशिनाथ तांडेल आणि त्याची मुलगी शेवंती सापडेनात. दुपारी चारला खबर आली, की दोघे जिवंत आहेत आणि मिठबंदरच्या दवाखान्यात आहेत. पेपरचे गठ्ठे नेणारी केळवलीची एसटी साडेचारला सुटायची. तिरोडकरांनी पहिल्या पानावर चौकट मोकळी करून घेतली आणि एक ओळ सांगितली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने ती घाईघाईत जुळवली:

'होडीतले दोघे बुडाले, नाहीत वाचले.'

इंदूताई दचकल्या. "स्वल्पविराम 'नाहीत'नंतर हवा. थांबा जरा!"

"एसटी थांबायची नाही, ताई."

छपाई झाली. गठ्ठे गेले. इंदूताईंनी अंक तिरोडकरांसमोर धरला.

"मोठ्याने वाचा."

तिरोडकरांनी वाचले. स्वल्पविरामापाशी त्यांचा आवाज अडला. त्यांनी पुन्हा वाचले आणि अंक खाली ठेवला.

"उद्या दुरुस्ती छापू," ते पुटपुटले.

"आणि तोवर त्या घरात काय होईल?"

तिरोडकरांनी मनात हिशेब केला. उद्या चार ओळींत भागले असते. आज केळवलीला गेले, तर साऱ्या गावासमोर मान खाली घालावी लागणार होती. शेवटी ते उठले आणि त्यांनी मोटरसायकल काढली. खाडीला वळसा घालून सोळा किलोमीटरचा रस्ता. प्रत्येक वळणावर ते एसटी दिसते का बघत होते. ती काही दिसली नाही.

केळवलीत शिरतानाच रडणे कानावर आले. काशिनाथची बायको सुभद्रा अंगणात बसली होती, मांडीवर पेपर होता. बांगड्या फोडायला बायकांनी तिचे हात धरले होते. ती ते सोडवून घेत होती. काशिनाथचा म्हातारा बाप ओटीवर कोसळला होता. त्याचे तोंड वाकडे झाले होते.

"दोघं जिवंत आहेत!" तिरोडकर ओरडले. "छापलंय ते चुकीचं आहे. चूक माझी आहे!"

कोणी हलले नाही. सुभद्राने मान वर केली.

"साहेब, तुमचं खरं मानू, की तुमच्या पेपराचं?"

तिरोडकरांनी मोटरसायकल वळवली. "माझ्याबरोबर चला," ते म्हणाले. "डोळ्यांनी बघा."

ती पेपर हातात धरूनच मागे बसली. दवाखान्यात काशिनाथ घोंगडी पांघरून बसला होता, शेवंती पेज पीत होती. सुभद्रा दारातच खाली बसली आणि तेव्हा कुठे मोठ्याने रडली.

म्हाताऱ्यालाही गाडी करून दवाखान्यात आणले. तो जगला, पण त्याची वाचा गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी तिरोडकरांनी पहिल्या पानावर स्वतःच्या नावाने माफी मागितली. पुढे ते दर आठवड्याला केळवलीला जात. म्हातारा त्यांच्याकडे बघून काही बोलू पाही, ओठ हलत, शब्द फुटत नसे. तिरोडकर त्याच्याजवळ बसून राहत.

तात्पर्य: लोक छापील अक्षरावर विश्वास ठेवतात, म्हणून लिहिणाऱ्याने एका स्वल्पविरामाचीही हयगय करू नये, आणि चूक झालीच, तर ती उद्यावर न ढकलता आपण होऊन कबूल करावी.